रिकाम्या खणाची विसरलेली नोंद



संध्याकाळी कामावरून घरी यावे, फोन चार्जिंगला लावावा, आणि तेवढ्यात त्यावर सूचना यावी : नवीन अपडेट आले आहे, आता घ्यायचे की नंतर? आपण काय करतो? 'नंतर'वर बोट ठेवतो. आम्हीही तेच करीत आलो. घरात फोन एक आणि तो मागणारी माणसे चार. मुलीला अभ्यासाचा व्हिडिओ पाहायचा असतो, मुलाला शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायचा असतो, गावाकडून आईचा फोन यायचा असतो. अपडेट घ्यायचे म्हणजे दिवसाचा डेटा संपणार, फोन तासभर अडकणार, आणि शेवटी 'जागा शिल्लक नाही' म्हणून ओरडणार. त्यापेक्षा नंतर! मग ते 'नंतर' महिनोन् महिने उजाडत नाही.

मध्यंतरी आमच्या शेजारच्या ताईंनी विचारले, "दादा, हे अपडेट म्हणजे नेमके काय असते हो? फोन तर चांगला चालतोय. मग दुरुस्ती कसली?" प्रश्न साधा होता, पण उत्तर देताना आमचीच भंबेरी उडाली. 'कंपनी सांगते म्हणून' यापलीकडे आम्हाला काही सांगता येईना. तेव्हा आम्ही वाचायला बसलो. जे हाती लागले ते आज आपल्यापुढे ठेवीत आहोत. ही एका चुकीची गोष्ट आहे. चूक एवढीशी, पण तिच्यातून फोनचा सगळा कारभार दुसऱ्याच्या हाती जात होता. आणि खरे दुःख चूक झाली याचे नाही. माणसाच्या हातून चूक व्हायचीच. दुःख हे की दुरुस्ती तयार असूनही ती वीस महिने लोकांच्या फोनपर्यंत पोचली नाही.

खिडकीच्या आतली कचेरी

आपल्या फोनवर जी ॲप दिसतात, पैसे पाठवण्याचे, निरोपाचे, फोटोचे, त्यांतले एकही स्वतःच्या हाताने काही करीत नाही. कॅमेरा उघडायचा असो, फोटो साठवायचा असो की इंटरनेटवर निरोप धाडायचा असो, प्रत्येक ॲपला एका कचेरीच्या खिडकीवर जाऊन अर्ज करावा लागतो. आतली माणसे अर्ज तपासतात आणि काम करून देतात. खिडकीच्या आत पाऊल टाकायची परवानगी कोणत्याही ॲपला नाही. ही आतली कचेरी म्हणजेच कर्नेल. सैन्यातले कर्नलसाहेब ते वेगळे! हा कर्नेल म्हणजे बीमधला गर, गाभा. फोन असो वा संगणक, सर्व यंत्रणा या गाभ्यावर उभी असते.

ॲण्ड्रॉइड फोनमधला गाभा लिनक्स नावाचा आहे. १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने तो लिहायला घेतला. पुढे जगभरच्या हजारो लोकांनी त्यात भर घातली. त्याचा मजकूर उघडा आहे. कोणीही तो फुकट वाचावा, चूक काढावी, दुरुस्ती सुचवावी.

या कचेरीत कागद ठेवायला हजारो खण आहेत. खण म्हणजे फोनची रॅम, कामापुरती वापरायची मेमरी. खण मोजकेच आणि कामे असंख्य. म्हणून नियम असा की काम आले की खण घ्यायचा, काम संपले की रिकामा करून परत द्यायचा. परत दिलेला खण लगेच दुसऱ्या कामाला जातो. एका सेकंदात असे हजारो खण दिले-घेतले जातात. इथवर सर्व ठीक.

नोंद खोडायची राहिली

आता अशी कल्पना करा. कचेरीतल्या एका कारकुनाच्या वहीत नोंद आहे : 'बारा नंबरच्या खणात साहेबांचा हुकूम असतो. त्यात लिहिले असेल तसे करावे.' एके दिवशी साहेबांची बदली झाली. बारा नंबरचा खण रिकामा झाला. पण वहीतली नोंद कोणी खोडली नाही. पुढे तो खण दुसऱ्याच कोणाच्या कागदांना मिळाला. महिन्याभराने कारकून वही पाहतो, बारा नंबरचा खण उघडतो, आणि समोर येईल त्या कागदाला साहेबांचा हुकूम समजून कामाला लागतो!

बहुतेक वेळा यातून गोंधळ होईल, काम बिघडेल, इतकेच. फोन मधेच बंद पडून पुन्हा सुरू होतो, त्यामागे कधीकधी असेच कारण असते. पण एखाद्या लबाड माणसाला ही न खोडलेली नोंद माहीत झाली तर? तो बारा नंबरचा खण रिकामा होण्याची वाट पाहील. रिकामा होताच आपला अर्ज नेमका त्याच खणात पडेल अशी युक्ती करील. मग कारकून त्याचाच कागद साहेबांचा म्हणून वाचील. चोराने कुलूप फोडले नाही, खिडकी मोडली नाही. कचेरीनेच त्याचा हुकूम पाळला.

या प्रकारच्या चुकीला संगणकवाले 'यूज आफ्टर फ्री' म्हणतात. खण परत केल्यानंतरही त्याचा वापर करीत राहणे, असा त्याचा अर्थ. साध्या ॲपमध्ये अशी चूक झाली तर त्या ॲपपुरते नुकसान होते. गाभ्यात झाली तर सर्व फोन गेला, कारण गाभ्याच्या वर कोणी साहेबच नाही.

बाइंडरची गोष्ट

ही केवळ कल्पना नव्हे. ॲण्ड्रॉइडच्या गाभ्यात बाइंडर नावाचे एक खाते आहे. एका ॲपचा निरोप दुसऱ्यापर्यंत नेण्याचे काम त्याचे. म्हणजे कचेरीचे टपाल खातेच म्हणा. एखाद्या ॲपचे काम बाइंडरकडे आले की बाइंडर त्याच्या नावाने एक खण घेतो आणि त्यात त्याची नोंद ठेवतो. त्या नोंदीतच एक प्रतीक्षा यादी असते. निरोप आला की कोणाकोणाला कळवायचे, त्यांची यादी.

त्याच कचेरीत ईपोल नावाचे दुसरे खाते आहे. कुठे काय आले यावर नजर ठेवणे हे त्याचे काम. ईपोल बाइंडरच्या प्रतीक्षा यादीत आपले नाव घालतो आणि ती यादी कोणत्या खणात आहे हे स्वतःच्या वहीत लिहून ठेवतो.

आता चूक पाहा. ॲपने बाइंडरला सांगितले, माझे काम संपले, मी निघालो. बाइंडरने त्याचा खण रिकामा केला आणि परत दिला. पण ईपोलला कळवले नाही! ईपोलच्या वहीत जुन्या खणाचा नंबर तसाच राहिला. पुढे ईपोलने आपला हिशेब बंद करताना नियमाप्रमाणे यादीतून आपले नाव कमी करायचे ठरवले. तो जुन्या खणापाशी गेला आणि तिथे जो कागद होता त्यावर खाडाखोड करून आला. एव्हाना तो खण दुसऱ्याचा झाला होता.

एवढीच चूक. दोन टेबलांमधला एक निरोप राहिला. आपल्या कचेऱ्यांतून हे रोज घडते!

चोर याचा उपयोग असा करी. मधल्या वेळात त्या खणात तो आपला अर्ज घुसवी. 'अमुक जागेवरचा मजकूर वाचून मला द्यावा' असा तो अर्ज. जागा त्याच्या स्वतःच्याच हद्दीतली असल्यामुळे तपासणीत तो पास होई. मग ईपोल येऊन त्या अर्जावर खाडाखोड करी आणि जागेचा आकडाच बदलून जाई. आता तो आकडा चोराच्या हद्दीतला नसून गाभ्याच्या आतल्या जागेचा असे. कचेरी मात्र अर्ज पुन्हा तपासत नसे, कारण एकदा तपासून झाला होता. ती आतला मजकूर वाचून खिडकीतून बाहेर देई! त्या मजकुरावरून चोराला कळे की त्याच्या स्वतःच्या ॲपची फाइल आत कुठे ठेवली आहे. मग हीच युक्ती पुन्हा करून तो त्या फाइलीतली एक ओळ बदली. कोणती? 'या ॲपची हद्द इथपर्यंत' ही ओळ. हद्दीचा आकडा बदलला की गाभ्यातले काहीही वाचायला आणि लिहायला तो मोकळा. मग फोटो, निरोप, मायक्रोफोन, सर्व काही त्याच्या हाती.

दुरुस्ती निघाली, पण पोचली नाही

आता तारखा नीट वाचा. सगळे मर्म त्यांत आहे.

गूगलने गाभ्यातल्या चुका शोधण्यासाठी सिझकॉलर नावाचे यंत्र बनवले आहे. रात्रंदिवस गाभ्याच्या खिडकीवर उलटसुलट अर्ज टाकीत राहायचे आणि कुठे गडबडतो ते टिपायचे, हे त्याचे काम. या यंत्राने नोव्हेंबर २०१७ मध्ये बाइंडरची ही चूक पकडली. फेब्रुवारी २०१८ मध्ये लिनक्सच्या ४.१४ या आवृत्तीत दुरुस्ती झाली. दुरुस्ती मोठी नव्हती. ॲप निघून जाताना खण परत देण्याआधी ईपोलची नोंद खोडायची, झाले काम. ॲण्ड्रॉइडच्या काही मूळ प्रतींतही ती घातली गेली.

पण सुरक्षेच्या चुकीला एक क्रमांक द्यायची पद्धत असते, तो या चुकीला दिला गेला नाही. फोन कंपन्यांसाठी दर महिन्याला ॲण्ड्रॉइडचे सुरक्षा पत्रक निघते, त्यात ती छापली गेली नाही. म्हणून जे फोन आधीच विकले गेले होते, लोकांच्या खिशात होते, त्यांतल्या कितीतरी फोनमध्ये ही दुरुस्ती गेलीच नाही. सरकारी जी.आर. मुंबईत निघतो आणि तालुक्याच्या कचेरीत कोणाला ठाऊक नसतो, हा अनुभव आपल्याला नवा नाही. इथे तेच झाले. फरक इतकाच की दुरुस्तीचा मजकूर उघडा होता. ज्याला चोरी करायची होती त्याला तो वाचून चूक कुठे आहे हे कळत होते. आणि ज्याचे घर उघडे होते त्याला मात्र काहीच कळवलेले नव्हते.

२०१९ साली गूगलच्या प्रोजेक्ट झीरो या तपास पथकाला खबर मिळाली की ॲण्ड्रॉइड फोनमध्ये शिरण्याचे एक हत्यार प्रत्यक्ष वापरात आहे. पथकातल्या मॅडी स्टोन या संशोधक महिलेने शोध सुरू केला. हत्यार तिच्या हाती नव्हते, फक्त वर्णन होते : गाभ्यातली चूक आहे, परत केलेल्या खणाचा वापर होतो, पिक्सेलचे पहिले दोन फोन यात सापडतात पण तिसरा सापडत नाही, लिनक्समध्ये क्रमांक न देता दुरुस्ती झालेली आहे. चोर पाहिलेला नाही, पण त्याच्या खाणाखुणा कळल्या आहेत, असे हे काम. तिने एकेक दुरुस्ती तपासली आणि बाइंडरच्या या जुन्या चुकीपाशी येऊन पोचली. सर्व खुणा जुळल्या.

२७ सप्टेंबर २०१९ रोजी तिने ॲण्ड्रॉइडच्या लोकांना कळवले. चूक चोरांच्या वापरात असल्याने एरवीसारखी नव्वद दिवसांची मुदत न देता सातच दिवसांची दिली. मुदत संपताच ऑक्टोबरच्या आरंभी माहिती जाहीर झाली. चुकीला क्रमांक मिळाला सीव्हीई-२०१९-२२१५, आणि ऑक्टोबर २०१९ च्या सुरक्षा पत्रकात ती अखेर आली. हे हत्यार इस्रायलच्या एन.एस.ओ. ग्रुप या कंपनीने वापरले अथवा विकले असावे, अशी माहिती मिळाल्याचे गूगलच्या पथकाने म्हटले होते. कंपनीने ते नाकारले.

फेब्रुवारी २०१८ ते ऑक्टोबर २०१९. मोजा, वीस महिने!

कोणाचे फोन?

कोणी म्हणेल, हेरगिरीची हत्यारे मोठ्या लोकांसाठी असतात, आमच्या फोनमध्ये काय आहे? मॅडी स्टोन यांनी दिलेली फोनची यादी पाहा. तीत सॅमसंगचे एस-७, एस-८, एस-९ असे महागडे फोन आहेत. पण त्याच यादीत शाओमीचा रेडमी ५-ए आहे, रेडमी नोट ५ आहे, ओप्पो ए-३ आहे. रेडमी ५-ए २०१७ च्या अखेरीस आपल्याकडे विकायला आला तो पाच-सहा हजार रुपयांत. कष्टकरी माणसाने पगारातून पैसे साठवून घ्यावा असा फोन. चूक श्रीमंत-गरीब पाहत नाही. एकाच गाभ्यावर सर्व फोन उभे आहेत.

आणि पुढचे ऐका. जानेवारी २०२० मध्ये ट्रेंड मायक्रो या सुरक्षा कंपनीने जाहीर केले की गूगलच्या प्ले स्टोअरवरच तीन ॲप अशी सापडली जी मुळात हेर होती. एक फोटोचे, एक फाइली सांभाळायचे, तिसरे कॉलच्या नावाचे. साइडवाइंडर नावाच्या टोळीशी त्यांचा संबंध असल्याचे त्या कंपनीने म्हटले. त्यांतले फोटोचे ॲप बाइंडरच्या याच चुकीतून गाभ्यात शिरत होते.  फोन कुठे आहे, त्यात कोणत्या फाइली आहेत, कोणती ॲप आहेत, हे सर्व गोळा करून बाहेर पाठवले जाई. शिवाय ही ॲप मार्च २०१९ पासून वावरत असावीत, असे त्यांच्या कागदपत्रांवरून दिसत होते. म्हणजे चूक जगाला कळायच्या आधीच चोर आत आला असावा. ही ॲप पुढे प्ले स्टोअरवरून काढली गेली.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. या चुकीचा फायदा घ्यायला चोराला आधी फोनमध्ये पाय ठेवावा लागे. एक तर आपणच त्याचे ॲप घ्यायचे, नाहीतर ब्राउझरमधल्या दुसऱ्या एखाद्या चुकीतून त्याने यायचे. म्हणजे गाभ्याच्या दाराची कडी कच्ची होती, पण उंबऱ्यापर्यंत पुष्कळदा आपणच त्याला आणून सोडतो.

चूक पुन्हा पुन्हा का होते?

लिनक्सचा गाभा बहुतांशी सी या भाषेत लिहिलेला आहे. १९७० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी ती घडवली. भाषा वेगवान आणि काटकसरी, पण खण कधी घ्यायचा आणि कधी परत द्यायचा हे सारे लिहिणाऱ्या माणसाच्या ध्यानावर सोडलेले. कोट्यवधी ओळींच्या मजकुरात एका जागी एक नोंद खोडायची राहिली तर कोणाला दोष द्यावा? २०१९ साली मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी सांगितले की त्यांच्याकडे दरवर्षी दुरुस्त होणाऱ्या सुरक्षेच्या चुकांपैकी सुमारे ७० टक्के मेमरीच्या हाताळणीतल्या असतात. खण परत केल्यावर वापरणे, खणाच्या बाहेर लिहिणे, अशा.

यावर उपाय निघतो आहे, आणि तो 'नीट लक्ष द्या' असा उपदेश करून नव्हे. रस्ट नावाची नवी भाषा आहे. तिच्यात खण परत दिल्यावरही कोणाच्या वहीत नोंद शिल्लक आहे असे दिसले, तर एरवी कार्यक्रम तयारच होऊ दिला जात नाही. माणूस विसरणार हे गृहीत धरूनच नियम केला आहे. डिसेंबर २०२२ मध्ये लिनक्सच्या ६.१ आवृत्तीत रस्टला प्रवेश मिळाला. ॲण्ड्रॉइडमध्ये सुरक्षेच्या एकूण चुकांत मेमरीच्या चुकांचे प्रमाण २०१९ मध्ये ७६ टक्के होते, ते २०२४ मध्ये २४ टक्क्यांवर आल्याचे गूगलने सांगितले. आणि ज्या बाइंडरची ही कथा, तोच बाइंडर रस्टमध्ये नव्याने लिहिला गेला. २०२५ च्या अखेरीस आलेल्या लिनक्सच्या ६.१८ आवृत्तीत तो दाखल झाला. क्रमांकाच्या बाबतीतही सुधारणा झाली आहे. फेब्रुवारी २०२४ पासून लिनक्सची मंडळी आपल्या चुकांना स्वतःच क्रमांक देऊ लागली आहेत. दुरुस्ती गुपचूप होऊन विसरली जाऊ नये, हा त्यातला फायदा.

घरी काय करावे?

आता ताईंच्या प्रश्नाचे उत्तर. फोन चांगला चालतोय, मग दुरुस्ती कसली? तर बाई, चोर शिरेपर्यंत कच्ची कडीही चांगलीच चालते!

पहिली गोष्ट. फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन 'अबाउट फोन'मध्ये ॲण्ड्रॉइडची माहिती उघडावी. तिथे सिक्युरिटी अपडेटची तारीख लिहिलेली असते. ही तारीख म्हणजे आपल्या फोनपर्यंत शेवटची दुरुस्ती कधी पोचली त्याची खूण. घरात शाळेत जाणारे मूल असेल तर त्यालाच हे काम सांगावे. दोन मिनिटांत करून देईल.

दुसरी. अपडेट आले असेल तर आठवड्यातला एक वेळ ठरवून ते घ्यावे. रविवारी सकाळी, फोन चार्जिंगला लावून. जागा नसेल तर जुने व्हिडिओ आणि फॉरवर्ड आलेली 'शुभ सकाळ'ची चित्रे काढून टाकावीत. अपडेट झाल्यावर फोन एकदा बंद होऊन सुरू होतो. त्याशिवाय नवा गाभा कामाला लागत नाही, म्हणून ते अर्धवट सोडू नये.

तिसरी. निरोपातून आलेली ॲपची फाइल उघडू नये. लग्नपत्रिका, वीजबिल, बँकेची सूचना, नाव काहीही असो. ओळखीच्या माणसाकडून आली तरी आधी त्याला फोन करून विचारावे. प्ले स्टोअरवरची ॲपही मोजकीच ठेवावीत. जे वापरत नाही ते काढून टाकावे.

चौथी. फोन जुना झाला आणि कंपनीने अपडेट देणेच बंद केले, तर? लगेच नवा घ्या असे सांगणे आम्हाला शोभणार नाही. पैसा झाडाला लागत नाही. पण अशा फोनवर बँकेचे व्यवहार शक्यतो ठेवू नयेत. तो गाणी ऐकायला, बोलायला वापरावा. घरात दुसरा जरा नवा फोन असेल तर पैशाचे काम त्यावर करावे.

पाचवी, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाची. पुढच्या वेळी फोन घ्यायला दुकानात जाल तेव्हा कॅमेरा किती मेगापिक्सेलचा, एवढेच विचारू नका. 'यावर सुरक्षेचे अपडेट किती वर्षे मिळणार?' हा प्रश्न विचारा. जुना फोन विकत घेतानाही विचारा. काही कंपन्यांनी आपल्या महाग फोनना सात वर्षे अपडेट द्यायचे कबूल केले आहे. गूगलने २०२३ मध्ये पिक्सेल ८ ला, सॅमसंगने २०२४ मध्ये गॅलेक्सी एस-२४ ला. युरोपीय संघाने तर कायदाच केला. २० जून २०२५ पासून तिथल्या बाजारात येणाऱ्या नव्या फोनना, त्या फोनची विक्री थांबल्यानंतर निदान पाच वर्षे अपडेट मिळाले पाहिजे. श्रीमंताच्या फोनला सात वर्षे आणि गरिबाच्या फोनला किती, हे दुकानदाराला विचारायचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. दहा जणांनी विचारले तर दुकानदार कंपनीला विचारील.

जाता जाता आमच्या मुला-मुलींसाठी एक शब्द. मॅडी स्टोन यांच्या शोधाची ताकद कशात होती? दुसऱ्यांनी केलेल्या दुरुस्त्या बारकाईने वाचण्यात आणि 'ही दुरुस्ती सर्वांपर्यंत पोचली का?' असा प्रश्न विचारण्यात. लिनक्सचा मजकूर सर्वांना खुला आहे. बाइंडरची ती चूक आणि तिची दुरुस्ती आजही कोणीही वाचू शकतो. त्याला फी नाही आणि शिफारसपत्र नाही. बारावीला संगणक विषय घेतलेल्या मुलाने वा मुलीने एकदा ती उघडून पाहावी. पहिल्या वाचनात काही कळणार नाही. आम्हालाही कळले नव्हते. चौथ्या वाचनात कळू लागते.

असो. हा लेख लिहून झाल्यावर आम्ही आमच्या घरच्या फोनची तारीख पाहिली. अकरा महिन्यांपूर्वीची निघाली! दुसऱ्यांना सांगायला निघालो आणि घरीच अंधार. अपडेट कधीचे येऊन थांबले होते, आम्हीच 'नंतर' म्हणत होतो. वीस महिने उशीर केला तो कंपन्यांनी, पण या अकरा महिन्यांचे उत्तर आम्हालाच द्यायला हवे. रविवारी सकाळी फोन चार्जिंगला लावला आणि 'आता'वर बोट ठेवले. मुलगी तासभर कुरकुरली, पण अपडेट झाले. शेजारच्या ताईंनाही कळवले आहे.

आपल्या फोनवर कोणती तारीख निघाली, ते आम्हाला जरूर लिहून कळवा. तूर्त इतकेच.